कॉन्फरन्सचं पोस्टर: पॉवरपॉइंट उघडायच्या आधीपासून ते बोर्डाला पिना लावेपर्यंत

"मॅडम, उद्या प्रिंटला द्यायचंय, जरा नजर टाकता का" असं म्हणत मुलं संध्याकाळी सहाला लॅपटॉप घेऊन येतात, आणि स्क्रीनवर काय असतं तर अख्खा थीसिसचा चॅप्टर तीन कॉलममध्ये ओतलेला, खाली चार ग्राफ ज्यांचे आकडे मुंगीएवढे, आणि वर दोन्ही बाजूंना ताणून चपटे केलेले लोगो. त्या वेळेला सांगण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं, फॉन्ट बदल, रंग बदल एवढंच. काम चांगलं असतं हो, मुलांनी वर्षभर मेहनत घेतलेली असते, पण पोस्टर करायचा क्रम उलटा धरलेला असतो. आधी सॉफ्टवेअर, मग मजकूर, मग ग्राफ, आणि नेमका काय मुद्दा मांडायचाय हे शेवटी, कधी कधी तर बोर्डापुढे उभं राहिल्यावर. म्हणून बडोद्यातल्या आपल्या मुलांसाठी हे सगळं क्रमानं लिहून काढतेय, इथली दुकानं आणि इथल्या अडचणी धरून.

१. आधी आयोजकांची सूचना वाचा, आणि मापं कागदावर लिहा

ॲबस्ट्रॅक्ट (कामाचा छोटा सारांश) ॲक्सेप्ट झाल्याची जी मेल येते तिच्यात किंवा तिच्या अटॅचमेंटमध्ये पोस्टरचं माप दिलेलं असतं. ती पूर्ण वाचा. पाच गोष्टी वहीत लिहून घ्या: रुंदी किती, उंची किती, उभं की आडवं, बोर्डाला काय चालतं (पिना, टेप की वेल्क्रो), आणि लावायची-काढायची वेळ.

ए-झीरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. ए-वन त्याच्या बरोबर अर्धा, ५९४ बाय ८४१. आपल्याकडे बऱ्याच कॉन्फरन्सेस फुटात माप देतात, ३ फूट बाय ४ फूट असं, म्हणजे साधारण ९१ बाय १२२ सेंटिमीटर, त्यात उभा ए-झीरो बसतो पण कडेला जेमतेम जागा राहते. बोर्ड १ मीटर बाय १ मीटर असेल तर ए-झीरो उभा लावला की जवळजवळ १९ सेंटिमीटर खाली लोंबतो, आणि नेमका तिथेच तुमचा निष्कर्ष असतो.

सावधान: "बोर्डाचं माप" आणि "पोस्टरचं माप" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेलमध्ये फक्त बोर्डाचं दिलं असेल तर पोस्टर सगळ्या बाजूंनी थोडं लहान धरा. उभं-आडवं स्पष्ट लिहिलं नसेल तर मेल करून विचारा, अंदाज बांधू नका.

२. एक वाक्य, आणि ते मराठीत

ही पायरी सगळे टाळतात आणि माझ्या मते निम्मं पोस्टर इथेच ठरतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपली मुलं घरी मराठी बोलतात, बाहेर गुजराती, आणि लॅबमध्ये इंग्रजी. इंग्रजीत रिसर्चचे तयार साचे तोंडात बसलेले असतात, ते वापरले की काहीतरी म्हटल्यासारखं वाटतं पण हातात काही येत नाही. म्हणून मी सांगते की तुम्हाला काय सापडलं ते घरी आईला, काकूला, आजोबांना, ज्यांचा त्या विषयाशी काही संबंध नाही अशा कोणालातरी मराठीत एका वाक्यात सांगा. त्यांनी "बरं, मग?" असं विचारलं तर वाक्य अजून झालेलं नाही. "असं का होतं मग?" असं विचारलं तर झालं.

उदाहरण घेऊ. समजा तुमचं काम विश्वामित्रीच्या पाण्यावर आहे. "विश्वामित्री नदीच्या पाण्याच्या भौतिक-रासायनिक गुणधर्मांचा अभ्यास" हे तुम्ही काय केलं ते झालं, काय सापडलं ते यात कुठेच नाही. "नदी शहरात शिरली की पाण्यातला ऑक्सिजन घसरतो आणि शहराबाहेर पडल्यावरही लगेच सावरत नाही", समजा असं तुमच्या डेटात दिसलं असेल, तर हे वाक्य. यात जागा आहे, बदल आहे, आणि ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो. हे वाक्य इंग्रजीत करा, आणि शक्य असेल तर तेच पोस्टरचं शीर्षक करा. ॲबस्ट्रॅक्टला दिलेलं शीर्षक बदलता येत नसेल (काही ठिकाणी प्रोग्रॅम-बुकात छापलेलंच ठेवायला सांगतात) तर शीर्षक तेच राहू द्या आणि हे वाक्य त्याच्या खाली मोठ्या अक्षरात टाका.

२०१९ मध्ये माइक मॉरिसन नावाच्या अमेरिकेतल्या एका पीएचडी करणाऱ्या मुलानं पोस्टरची नवी पद्धत सुचवली होती, मधोमध मोठ्या अक्षरात फक्त निष्कर्ष, बाजूला थोडे तपशील, आणि क्यूआर कोड. खूप गाजली ती. मला स्वतःला ती अर्धी पटते. मोठं वाक्य हवंच, पण परीक्षक मेथड बघायला मागतात, आणि मेथड कोपऱ्यात बारीक टाकली तर मार्क जातात. तेव्हा वाक्य मोठं ठेवा आणि मेथडलाही नीट जागा द्या.

तपासा: वाक्य वहीत लिहिलंय का? गाइडला दाखवलंय का? वाक्यावर गाइडचं आणि तुमचं एकमत होत नसेल तर ते आज कळलेलं बरं, प्रिंटच्या आदल्या रात्री नको.

३. आता ग्राफ आणि आकृत्या, मजकूर नंतर

त्या एका वाक्याला सिद्ध करणारा ग्राफ कोणता, तो निवडा. तो पोस्टरचा राजा. बाकी दोन किंवा तीन त्याला आधार देणारे, बस. सातव्या ग्राफशिवाय जमतच नाही असं वाटत असेल तर पायरी २ वर परत जा, वाक्य एक नसून दोन झालेली असणार.

ग्राफ पोस्टरसाठी नव्यानं काढायचे, पेपरमधले किंवा थीसिसमधले उचलून चिकटवायचे नाहीत. पेपर हातात धरून वाचतात, पोस्टर दीड मीटरवरून. अक्षांवरचे आकडे आणि नावं पोस्टरच्या खऱ्या मापात २४ पॉइंटच्या खाली नकोत. रेषा जाड करा. कोपऱ्यात लेजंड ठेवून वाचणाऱ्याला रंग जुळवत बसवण्यापेक्षा रेषेच्या शेजारीच तिचं नाव लिहा. थ्री-डी बार अजिबात नको, उंची नीट कळत नाही. एरर बार असतील तर ते स्टँडर्ड डेव्हिएशन आहेत की स्टँडर्ड एरर हे ग्राफखालीच लिहा, नमुने किती होते तेही. परीक्षकांचा पहिला प्रश्न हाच असतो.

लाल आणि हिरवा एकमेकांशेजारी फरक दाखवायला वापरू नका, बऱ्याच पुरुषांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत. निळा आणि नारिंगी घ्या, शिवाय एक रेषा अखंड आणि एक तुटक करा, म्हणजे ब्लॅक-अँड-व्हाइट झेरॉक्स काढली तरी कळेल.

सावधान: ग्राफचा स्क्रीनशॉट काढून लावायचा नाही. स्क्रीनवर छान दिसतो आणि प्रिंटमध्ये चौकोन चौकोन होतो. हिशोब सोपा आहे, ३० सेंटिमीटर रुंद छापायचं असेल आणि १५० डीपीआय (एका इंचात १५० ठिपके) हवा असेल तर चित्र साधारण १७७० पिक्सेल रुंद पाहिजे. त्याहून उत्तम म्हणजे सॉफ्टवेअरमधून एसव्हीजी किंवा पीडीएफ एक्सपोर्ट करा, ते कितीही मोठं केलं तरी फुटत नाही. आणि फोटो मित्राकडून व्हॉट्सॲपवर मागवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, साधा फोटो म्हणून आला की दाबून लहान होतो.

४. मजकूर, जेवढा लागेल तेवढाच

आता लिहा. पॉवरपॉइंटमध्ये नाही, साध्या कागदावर किंवा वर्डमध्ये. सगळं मिळून ५०० शब्दांच्या आसपास, ८०० च्या वर तर नाहीच. ॲबस्ट्रॅक्ट पोस्टरवर पुन्हा छापायची गरज नसते, ते प्रोग्रॅम-बुकात आहेच, आयोजकांनी मुद्दाम मागितलं असेल तरच.

प्रस्तावना तीन-चार ओळी, त्यात शेवटी प्रश्न काय होता तो. मेथड शक्यतो चित्रात, नमुना कुठून घेतला, कसा नेला, कशानं मोजला असा बाणांचा साधा फ्लो. रिझल्टमध्ये ग्राफच्या वर एक वाक्य, त्या ग्राफमधून काय कळतं ते. "आकृती २: ऑक्सिजनची पातळी" असं नुसतं नाव नको. निष्कर्ष तीन मुद्दे. संदर्भ तीन-चार, अगदी गरजेचे. आभार आणि फंडिंग खाली. माणसांवर किंवा प्राण्यांवर काम असेल तर एथिक्स कमिटीचा मंजुरी क्रमांक विसरू नका.

५. आता उघडा पॉवरपॉइंट

पहिलं काम पेजचं माप बसवायचं. डिझाइनमध्ये जाऊन स्लाइड साइझ, कस्टम, आणि तिथे खरं माप सेंटिमीटरमध्ये. हे आधी केलं नाही आणि शेवटी बदललं तर सगळं ताणलं जातं, लोगोसकट. पॉवरपॉइंटमध्ये एका बाजूला ५६ इंचांपर्यंतच जाता येतं, ए-झीरो त्यात आरामात बसतो. त्याहून मोठं असेल तर अर्ध्या मापात करा आणि दुकानात २०० टक्क्यांनी छापायला सांगा, पण मग तुमचे सगळे फॉन्टसुद्धा दुप्पट होणार हे धरून चला.

दुसरं काम म्हणजे ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन "फाइलमधल्या इमेजेस कॉम्प्रेस करू नका" या खुणेवर टिक करा. हे बहुतेकांना माहीतच नसतं, आणि मग हाय-रिझोल्यूशन फोटो टाकूनसुद्धा प्रिंट धूसर का आली म्हणून दुकानदाराशी भांडतात.

ए-झीरोला अक्षरांचं माप मी असं धरते: शीर्षक ८५ पॉइंट किंवा जास्त, लेखकांची नावं ५० च्या आसपास, उपशीर्षकं ४० ते ५०, मजकूर २८ ते ३२, आणि संदर्भ १८-२०. एकच साधा फॉन्ट, फार तर दोन.

आडव्या पोस्टरला तीन किंवा चार कॉलम, उभ्याला दोन. वाचणारा एक कॉलम वरून खाली वाचतो आणि मग शेजारच्याकडे जातो, त्यामुळे ग्राफ इकडे आणि त्याचं वाक्य तिकडे असं करू नका. राजा ग्राफ उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला येईल असा ठेवा. सगळ्यात खालचा पट्टा कोणी वाकून वाचत नाही, तिथे संदर्भ आणि आभार. आणि मोकळी जागा सोडा, जवळजवळ तिसरा हिस्सा. रिकामं दिसतंय म्हणून तिथे लक्ष्मी विलास पॅलेसचा किंवा नदीचा फोटो बॅकग्राउंडला टाकायचा मोह होतो, त्यावर अक्षरं दिसत नाहीत. पांढरं ठेवा.

लोगो युनिव्हर्सिटीच्या ऑफिसमधून किंवा डिपार्टमेंटकडून मूळ फाइल मागून घ्या, गूगलवरून उचललेला नको, आणि मोठा-लहान करताना कोपऱ्यातून शिफ्ट दाबून ओढा.

क्यूआर कोड लावत असाल तर कमीत कमी ४ सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा, चारही बाजूंना मोकळी किनार ठेवून. ड्राइव्हची लिंक असेल तर ती परमिशन मागत नाहीये ना हे दुसऱ्याच्या फोनवर, वायफाय बंद करून बघा. तुमच्या फोनवर ती उघडणारच, लॉगिन तुमचंच असतं.

६. ए-फोरची परीक्षा

ए-झीरोचं पोस्टर ए-फोरवर छापलं की लांबी-रुंदी बरोबर चौथाई होते. म्हणजे २८ पॉइंटचं अक्षर ७ पॉइंटचं दिसतं. साध्या झेरॉक्सच्या दुकानात ए-फोर रंगीत प्रिंट काढा आणि हात लांब करून वाचा. जे वाचता येत नाही ते पोस्टरवरही धड वाचता येणार नाही.

मग ती ए-फोर तिघांना द्या, गाइड, लॅबमधलं कोणीतरी, आणि दुसऱ्या डिपार्टमेंटचं कोणीतरी. त्या तिसऱ्याला ३० सेकंद बघू द्या, कागद काढून घ्या आणि विचारा, काय कळलं? त्यानं तुमचं पायरी २ चं वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगितलं तर पोस्टर उभं राहिलं समजा.

तपासा: सगळ्या सहलेखकांचा होकार आला का, नावांचं स्पेलिंग त्यांनी स्वतः बघितलं का, आणि कामावर पेटंट घ्यायचा विचार असेल तर पोस्टर लावायच्या आधी युनिव्हर्सिटीत पेटंटचं काम बघणाऱ्यांशी बोलणं झालं का. एकदा जाहीर मांडलं की पेटंटला लागणाऱ्या नवेपणाचा प्रश्न उभा राहतो.

७. पीडीएफ, आणि त्या एका चिन्हाची गोष्ट

दुकानात पीपीटी फाइल न्यायची नाही. कधीच नाही. पीडीएफ न्यायची, आणि सेव्ह करताना "मिनिमम साइझ" नाही, "स्टँडर्ड" निवडायचं.

का सांगते. आमच्याकडची एक मुलगी, बोअरच्या पाण्यातलं शिसं मोजायचं काम, खूप नीटनेटकं काम होतं तिचं. शिशाची मर्यादा भारतीय मानकात ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. तिचं सगळं मायक्रोग्रॅममध्ये होतं. तिनं पीपीटी पेन ड्राइव्हवर दिली, दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिचे फॉन्ट नव्हते, आणि जुन्या पद्धतीच्या सिम्बॉल फॉन्टमधलं म्यूचं चिन्ह (मायक्रोसाठीचं µ) त्याच जागेवर असलेल्या साध्या एम अक्षरात बदललं. मायक्रोग्रॅमचे सगळीकडे मिलिग्रॅम झाले. आकडे तेच, एकक हजारपट. मर्यादेच्या आतलं पाणी मर्यादेच्या शेकडो पटींनी वर गेलं. कॉन्फरन्सच्या हॉलमध्ये पोस्टर लावल्यावर पहिल्याच परीक्षकांनी तिकडे बोट दाखवलं, आणि तिला दोन मिनिटं काय झालंय तेच कळेना. मग तिनं काळ्या पेननं एकेका एमला खाली शेपटी काढली, अकरा ठिकाणी, हात थरथरत होता तिचा. आज पाच-सहा वर्षं झाली पण दरवेळी पीडीएफ बघताना मला तो हात दिसतो.

तेव्हा पीडीएफ उघडा, प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्सची यादी बघा, प्रत्येकापुढे एम्बेडेड (म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच बसलेला) लिहिलेलं हवं. मग १०० टक्के झूमवर अख्खं पोस्टर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरा, खास करून एककं, अंशाचं चिन्ह, कमी-जास्तची चिन्हं, वर-खाली लिहिलेले छोटे आकडे. आणि ती पीडीएफ दुसऱ्या कॉम्प्युटरवर आणि फोनवर उघडून परत बघा.

८. प्रिंट

कमीत कमी चार दिवस आधी. सयाजीगंज, फतेगंजकडे प्रिंटची दुकानं आहेत, तिथले भाई "थई जशे, चिंता ना करो" म्हणतात आणि करूनही देतात, पण गणपती आणि नवरात्रीच्या आधी सगळीकडे मंडळांच्या बॅनरची रांग लागलेली असते, आणि २८ फेब्रुवारीच्या सायन्स डेच्या आठवड्यात सगळ्या कॉलेजांची पोस्टरं एकदम येतात. तेव्हा एक आठवडा धरा.

कशावर छापायचं? बॅनरचं फ्लेक्स सगळ्यात स्वस्त, पण बारीक अक्षरं तितकी स्वच्छ येत नाहीत आणि चमकतं. मॅट फोटो पेपर किंवा मॅट विनाइल सगळ्यात छान दिसतं, ग्लॉसी घेतलं तर हॉलच्या ट्यूबलाइटचा पट्टा बरोबर ग्राफवर पडतो. कापड मिळालं तर प्रवासाला उत्तम, घडी करून बॅगेत जातं. भाव स्क्वेअर फुटावर असतो, ए-झीरो पावणेअकरा स्क्वेअर फूट होतो, तेवढ्यावरून हिशोब करा आणि कापायचे वेगळे पैसे आहेत का विचारा. ३ फुटी रोलवर उभा ए-झीरो बसतो.

दुकानात चार गोष्टी स्वतः बोला: माप मिलिमीटरमध्ये, "फिट टू पेज" नको, रंगासाठी आधी एक छोटा तुकडा छापून दाखवा, आणि कापताना कडा सरळ. स्क्रीनवरचा झगझगीत निळा आणि हिरवा शाईत तसा येत नाही, थोडा मळकट होतो, तुकडा बघितला की तिथल्या तिथे बदलता येतं. प्रिंट हातात आल्यावर दुकानातच पूर्ण उलगडून टेपनं मोजा. गुंडाळून घरी नेलं आणि मग रेघ दिसली तर बोलायला जागा राहत नाही.

९. प्रवास आणि बोर्ड

छापलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, म्हणजे लावल्यावर कडा बोर्डाकडे वळतात, वाचणाऱ्याच्या अंगावर येत नाहीत. ट्यूबवर तुमचं नाव आणि फोन नंबर लिहा, ट्रेनमध्ये वरच्या बर्थवर विसरून राहिलेल्या ट्यूब मी ऐकल्यात. पीडीएफ पेन ड्राइव्हवर आणि मेलमध्ये ठेवा. पिशवीत पिना, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, कात्री, काळा पेन, आणि ए-फोरच्या वीसेक प्रती.

आधी वरच्या दोन कोपऱ्यांना पिना, मग दहा पावलं मागे जाऊन सरळ आहे का बघा, मग बाकीच्या.

१०. समोर उभं राहताना

पोस्टरच्या मधे नाही, बाजूला उभे राहा. दोन मिनिटांचं बोलणं तयार ठेवा आणि ते पायरी २ च्या वाक्यानं सुरू करा, नंतर सरळ राजा ग्राफवर बोट. पोस्टर वाचून दाखवू नका, समोरच्याला वाचता येतं. आधी विचारा, "तुमचं काम कशावर आहे?", त्यावरून मेथड जास्त सांगायची की निष्कर्ष ते ठरतं. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "हे मी मोजलेलं नाही" असं सरळ सांगा आणि प्रश्न वहीत लिहून घ्या, विचारणाऱ्याच्या नावासकट. पुष्कळदा पुढच्या पेपरचा प्रयोग त्या वहीतूनच निघतो.

काढायची वेळ पाळा, उशीर झाला की आयोजकांची माणसं ओढून काढतात आणि कोपरे फाटतात. परत आल्यावर पोस्टर लॅबच्या भिंतीवर लावा आणि त्याच्या मागच्या बाजूला काय चुकलं ते पेन्सिलीनं लिहून ठेवा, पुढच्या वर्षी करणाऱ्या मुलाला ते उलटून बघायला सांगता येतं.